बेंजो वर चढला

मास्तरांचा बेंजो सुराच्या वर चाललाय, हे सगळ्यांत आधी उरणच्या चाचांच्या लक्षात आलं. रविवारची दुपार होती. चाचा, मास्तरांचा भाचा आणि मी असे तिघं चाचांच्या माडीवर पंख्याखाली बसून कॅसेटी ऐकत होतो. चाचांनी मध्येच मशीन बंद केलं.

"हे काय झालं?" ते म्हणाले. "परत ऐका."

त्यांनी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. सानपाड्याच्या हळदीत आम्ही वाजवलेली 'मोकळी' होती, ठरलेल्या चालीशिवायचं वादन. बेंजो चढत चढत वर गेला, एका सुरावर थांबला, खालून माझा ऑर्गन त्याला जाऊन मिळाला. दोघांचा मिळून एकच आवाज व्हायला हवा होता, तिथे बारीक थरथर ऐकू आली. माशीचे पंख कागदाला लागावेत तशी.

"माझा ऑर्गन असेल," मी म्हणालो. "जुना झालाय."

चाचांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. भाचा एरवी असल्या जागी तोंड बंद ठेवणारा नव्हता. तो त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसला.

मास्तर म्हणजे सारसोळ्याच्या आमच्या बेंजो पार्टीचे मालक, चालक आणि मुख्य वाजवणारे. त्यांनी पार्टी काढली तेव्हा नेरूळला शहर नव्हतं. खाडी होती, मिठागरं होती, भाताची खाचरं होती. पुढे जमिनी नव्या शहरासाठी गेल्या आणि मास्तर बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले. पत्रा ठोकून भांड्यांचे आणि गाड्यांचे भाग काढणारी ती मशिनं. त्याच कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. मी साताऱ्याकडचा, भजनी मंडळात पेटी वाजवून वाढलेला, नेरूळच्या नव्या वसाहतीत नुकताच संसार मांडलेला. कारखान्याच्या गणपतीत मी आरत्यांना पेटी धरली होती. आरती संपल्यावर एक सावळा, रुंद खांद्यांचा माणूस हातातला प्रसाद सांभाळत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पेटी बरी वाजवतंस. हलदीला येशील वाजवाला?"

बायको म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही बँडवाले होणार?" मी झालो. पेटी गेली, तिच्या जागी पार्टीचा इलेक्ट्रिकचा ऑर्गन आला.

आमच्याकडे बेंजो म्हणतात ते वाद्य म्हणजे तारांवर बसवलेली बटणांची पट्टी. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्याला माइक लावला आणि भोंग्यातून सोडला की खाडीपलीकडे ऐकू जातो. लग्नाच्या हळदीला आगरी-कोळी गावांत बेंजो नसेल तर लोक म्हणायचे, घरात कोणी गेलंय काय? आधी कोळीगीतं वाजायची, मग सिनेमातली गाणी. आणि लोक नाचून दमले तरी जायला तयार नसले की मास्तर डोळे मिटायचे आणि गाणं सोडून द्यायचे. मग जे सुरू व्हायचं त्याला आम्ही मोकळी म्हणायचो. तिला शब्द नव्हते, ठरलेली चाल नव्हती. मास्तर एखादी ओळ टाकायचे, भाचा ढोलकीवर ती उलटी करायचा, मी खाली सूर धरून बसायचो, आणि ती ओळ वळसे घेत कुठल्या कुठे जायची. दोन हळदींत एकच मोकळी कधी वाजली नाही.

म्हणूनच चाचा रेकॉर्ड करायचे. चाचा बरीच वर्षं आखातात नोकरी करून परत आले होते. उरणच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. येताना त्यांनी एक थोरला टू-इन-वन रेडिओ-टेप आणला होता. एका ओळखीच्या लग्नात त्यांनी आमची मोकळी ऐकली आणि तिथून पुढे जमेल त्या लग्नात ते मशीन घेऊन भोंग्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. प्रत्येक कॅसेटीवर गावाचं नाव. सानपाड्याची, दिवाळ्याची, घणसोलीची. भाच्याने आणि मी त्यांच्याकडून नकला करून घेतल्या आणि मग आमच्या रविवारच्या बैठका सुरू झाल्या. घणसोलीत मास्तर मूळ ओळीवर परत आलेच नाहीत, ते मुद्दाम की विसरले? दिवाळ्याला ढोलकी एका जागी घसरली, पण त्या घसरण्यातूनच पुढचा ठेका निघाला, मग ती चूक धरायची का? भांडणं अशी व्हायची की चाची खालून विचारायच्या, "मारामारी चालू हाय का?"

त्या रविवारी मात्र कोणी भांडलं नाही. मी परत निघालो तेव्हा चाचा माझ्याबरोबर बस थांब्यापर्यंत आले.

"बॅटरीचा दोष असू शकतो," ते म्हणाले. "बॅटरी उतरलेली असली की टेप हळू फिरते. मग नंतर लाइटवर लावली की सगळं वरच्या सुरात ऐकू येतं."

"हो," मी म्हणालो. मला बरं वाटलं. पण बस बेलापूरच्या फाट्याला आली तोवर ते बरं वाटणं संपलं. बॅटरी उतरली असती तर बेंजोबरोबर ऑर्गनही चढला असता. दोघंही त्याच टेपवर होते. टेपच्या दोषाने दोघांमधलं अंतर वाढत नाही.

पुढच्या रविवारी मी माझा ऑर्गन पिशवीत घालून उरणला नेला. तो नवा असताना होता तसाच सुरात होता, मी वाद्यांच्या दुकानातल्या एका जाणकाराकडून तपासून घेतला होता. मग आम्ही जुन्या कॅसेटींपासून सुरुवात केली. प्रत्येक मोकळीत बेंजो आणि ऑर्गन एकाच सुरावर थांबतात अशी जागा शोधायची आणि ती पुन्हा पुन्हा ऐकायची. सगळ्यांत जुन्या कॅसेटीत दोघं असे मिळालेले होते की कुठला आवाज कुणाचा ते सांगता येऊ नये. त्यानंतरच्या साली किंचित, लक्ष देऊन ऐकलं तरच. मग थरथर. आणि त्या मोसमातल्या कॅसेटींमध्ये तर ती थरथर उघड, एखादं दार वाऱ्यावर वाजावं तशी. बेंजो दर साली वर चढत होता.

"तारा जास्त ओढतायत," चाचा म्हणाले.

"पण त्यांना ऐकू येत नाही का?" मी विचारलं, आणि विचारताविचारताच माझं मला उत्तर मिळालं.

भाचा तेव्हा बोलला. "मामाला घरात टीव्ही फुल लागतो. मामीनं हाक मारली तर तोंड बघतो तिचा. भांडी पडली तर मान वलवीत नाय." त्याने हातातली काडेपेटी खाली ठेवली. "मना म्हाईत होता. मी बोललो नाय."

प्रेसच्या खात्यात मी कामानिमित्त जायचो. तिथे दोन माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत. बाहेर आल्यावरही बराच वेळ माझे कान बंद असल्यासारखे राहत. मास्तर तिथे दिवसभर उभे असायचे, तेही वर्षानुवर्षं.

"त्यांना तार मऊ वाटत असेल," चाचा म्हणाले. "वरचा आवाज गेला की सगळं बोदं वाटतं. म्हणून तारा ताणायची चावी फिरवतात."

"सांगायला पाहिजे," मी म्हणालो.

"नाय," भाचा एकदम म्हणाला. "आता नाय. कॅसेट होऊं दे."

कॅसेटीची गोष्ट अशी होती की मुंबईचा एक माणूस कोळीगीतांच्या कॅसेटी काढायचा. त्याने कुठल्याशा लग्नात आम्हाला ऐकलं आणि मास्तरांना निरोप धाडला की पुढच्या एखाद्या मोठ्या लग्नात मी माझी मशिनं घेऊन येतो, मांडवातच रेकॉर्डिंग करू, लोकांच्या आवाजासकट. मास्तरांनी त्या निरोपाची एवढी वाट पाहिली होती की तो आला तेव्हा त्यांनी सगळ्या पार्टीला घरी बोलावून कोलंबीचं जेवण घातलं. लग्न उरणकडच्या एका गावात होतं, दुपारचं. तोवर मध्ये आमची आणखी दोन कामं होती.

मी आणि भाच्याने एक युक्ती काढली. माझ्या ऑर्गनच्या मागच्या बाजूला एक बारीक चक्री होती. ती फिरवली की सगळा ऑर्गन थोडासा वर किंवा खाली जायचा. मास्तर वर गेले की मी चक्री फिरवून त्यांच्या मागे जायचं. सूर कुठलाही असो, दोघांचा एक असला की झालं. ऐकणाऱ्याला काय कळतंय?

पहिल्या हळदीला ते जमलं. उजव्या हाताने वाजवायचं, डावा हात मागे चक्रीवर. मास्तरांची सवय होती की मोकळी रंगात आली की मध्येच खिशातली चावी काढून तारा पिळायच्या, एक हात वाजवत ठेवून. एरवी मला ते बघायला आवडायचं. त्या दिवशी त्यांचा हात खिशाकडे गेला की मी नजर त्यांच्या बोटांवरून हलवायचो नाही. ते किती ओढतील ते आधी कळायचं नाही. सूर वर गेला की मी चाचपडत मागे जायचो, थरथर कमी होते का बघायचो, आणि तोवर त्यांनी पुन्हा चावी काढलेली असायची. भाचा ढोलकीवरून माझ्याकडे बघत होता. घरी गेलो तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता.

दुसऱ्या कामाला, करावे गावात, चक्री संपली. मास्तर आणखी वर गेले आणि माझी चक्री फिरायची थांबली, पुढे जागाच नव्हती. मी जोर लावला तर ती तुटली असती. उरलेली मोकळी आम्ही तशीच वाजवली, बेंजो वर आणि ऑर्गन खाली, मध्ये ती थरथर. नाचणाऱ्यांपैकी कुणी थांबलं नाही. पण मांडवाच्या कडेला बसलेला एक म्हातारा वाजवणारा, दुसऱ्या पार्टीतला, बोट कानात घालून हलवत बसला होता. ते मी पाहिलं.

बाहेर आल्यावर भाच्याला म्हटलं, "बस झालं. उद्या मी सांगणार."

"मना सोबत नेऊ नको," तो म्हणाला. मग थोडं चालून म्हणाला, "येतो."

मास्तरांचं घर सारसोळ्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. सकाळची वेळ. अंगणात जाळं सुकत टाकलं होतं. वहिनी, मास्तरांच्या पत्नी, ओट्यावर बोंबील साफ करत बसल्या होत्या. मास्तर सुट्टी म्हणून खुशीत होते. समोर बेंजो ठेवून फडक्याने बटणं पुसत होते.

"या पेटीवाले," ते म्हणाले. "आज मशीन घेवून? काय नवीन आयकवतंस?"

मी घरचा छोटा टेपरेकॉर्डर नेला होता आणि दोन कॅसेटी. एक सगळ्यांत जुनी, एक सानपाड्याची. भाचा दाराशीच उभा राहिला. मी पहिली लावली. मास्तर पुढे वाकून, जरा जास्तच वाकून, ऐकायला लागले. मग दुसरी लावली, बरोबर त्या जागेपासून. ती थरथर त्या ओट्यावर मला इतकी मोठी वाटली की वहिनींचा हात थांबला.

"काय वाटतं मास्तर?" मी विचारलं.

"दोनी चांगली हायेत," ते म्हणाले. "दुसरी जरा जोरात हाय."

"काही फरक?"

"कोनता फरक?"

मी पुन्हा लावली. ते पुन्हा वाकले. चेहऱ्यावर काही बदल नव्हता. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. मी इतके दिवस समजत होतो की सांगणं कठीण जाईल. पण मी सांगण्याआधीच ते माझ्यासमोर घडत होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

मी सांगितलं. आवाज चढवून सांगावं लागलं, त्यामुळे ते सगळं भांडणासारखं ऐकू येत होतं. बेंजो सुराच्या वर जातोय. दर साली. तारा जास्त ओढल्या जातायत. कान दाखवायला हवेत.

मास्तर हसले. "तुजा डबा चुकतंय. माजा बेंजो नाय. मी तुज्या जल्माच्या आदी वाजवतंय."

"ऑर्गन तपासून घेतलाय मास्तर."

"मंग काल करावात काय चुकला? त्याच्या आदीच्या लग्नात? कोन बोलला? एक तरी मानूस बोलला?"

भाचा म्हणाला, "मामा, आमी तुमच्या मागं मागं ऑर्गन चढवत व्हतो."

"काय?"

मास्तरांना ऐकू आलं नव्हतं. भाच्याला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. मी चक्रीबद्दल सांगितलं. मास्तर उठले. त्यांचे डोळे असे झाले की मला वाटलं आता हात उचलतात.

"म्हंजे मी आंधला आनि तुमी काठी धरली? माज्या मांडवात? माज्या पार्टीत?" त्यांनी माझा टेपरेकॉर्डर उचलला, आणि एक क्षण तो आपटणार असं वाटलं. मग त्यांनी तो हळूच माझ्या मांडीवर ठेवला. "जा. दोगं पन जा. मना कोन नको. मी एकला वाजवीन तिकडं."

तेव्हा वहिनी बोलल्या. त्या उठल्या नाहीत, बोंबीलही खाली ठेवला नाही. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून, ओठ नीट हलवत, एकेक शब्द बोलल्या. "आपल्या पोरीचा पोरगा परवा रातभर रडला. तुमच्या बाजूला झोपला व्हता. तुमी उठले नाय. मी उठले."

मास्तर चपला घालून जेट्टीकडे निघून गेले. भाचा मागे जायला लागला तर वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. बेंजो ओट्यावर तसाच होता, अर्धी बटणं पुसलेली.

लग्नाच्या दिवसापर्यंत आम्हाला मास्तरांचा निरोप आला नाही. कारखान्यात ते मला बघून दुसरीकडे वळायचे. मी बायकोला म्हटलं, मी जाणार नाही. ती म्हणाली, "जा. त्यांनी बाहेर काढलं तर परत या. पण घरी बसून राहिलात तर मला तुमच्याबरोबर बसावं लागेल, आणि ते माझ्याने होणार नाही." मी गेलो.

मांडवात मुंबईच्या माणसाने मशिनं मांडली होती, वायरी जमिनीवर चिकटवल्या होत्या. चाचा आपला टू-इन-वन घेऊन नेहमीच्या खुर्चीत. भाचा ढोलकीला पाणी लावत होता. माझ्या ऑर्गनची जागा रिकामी ठेवलेली होती, पण ती मास्तरांनी ठेवली की भाच्याने ते समजलं नाही. मास्तर आले नव्हते. मुंबईचा माणूस घड्याळ बघून येरझाऱ्या घालायला लागला. नवरीचे मामा दोनदा येऊन विचारून गेले. पंगती सुरू झाल्या. मी ऑर्गन लावला आणि हातांना काहीतरी करायचं म्हणून पुसत बसलो.

मास्तर आले तेव्हा वहिनी बरोबर होत्या. वहिनी कधी कामावर यायच्या नाहीत. मास्तरांनी बेंजो स्टँडवर ठेवला, माझ्यासमोर उभे राहिले आणि खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली.

"लाव," ते म्हणाले. एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.

सगळ्या मांडवासमोर मी मास्तरांच्या बेंजोच्या तारा लावल्या. पार्टीत इतक्या सालांत त्या तारांना दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. माझी बोटं घामाने घसरत होती, चावी नीट बसत नव्हती. मास्तर हाताची घडी घालून लोकांकडे बघत उभे होते. तार लागली की मी मान हलवायचो, ते पुढच्या तारेकडे बोट दाखवायचे. संपल्यावर मी चावी परत दिली. त्यांनी ती वहिनींना दिली. वहिनींनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि बायकांमध्ये जाऊन बसल्या.

आम्ही गाणी वाजवली. सगळं जागच्या जागी होतं, पण मास्तर मोजून वाजवत होते, घाबरलेल्या माणसासारखे. मुंबईचा माणूस कानाला हेडफोन लावून अंगठा दाखवत होता. मला तो अंगठा बघवेना. मग लोक ओरडायला लागले, "मोकली! मोकली!" आणि मास्तरांनी डोळे मिटले.

सुरुवात अशी झाली की मला वाटलं झालं, आता रंगणार. भाच्याने ठेका उचलला. मास्तर वर गेले, आणखी वर गेले, आणि त्यांच्या कपाळाला ती ओळखीची आठी पडली. तार त्यांना मऊ लागत होती. उजवा हात वाजवत राहिला, डावा बटणांवरून निघून खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं. हात तिथेच राहिला. बेंजो एकाच उघड्या तारेवर वाजत होता, नुसता खालचा सूर, त्यावर काही नाही. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी तोच सूर खाली धरून ठेवला, दुसरं काही सुचलं नाही. मास्तरांनी डोळे उघडले आणि बायकांच्या गर्दीत बघायला लागले. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी पदराची गाठ मुठीत घट्ट धरली होती आणि हळूहळू मान हलवत होत्या, नाही, नाही. मला वाटलं ते आता बेंजो सोडून मांडवातून निघून जाणार. ढोलकी चालू होती, लोक थांबून बघत होते. तो एकच सूर किती वेळ वाजला ते मी सांगू शकत नाही, माझ्यासाठी तो संपतच नव्हता.

मग डावा हात बटणांवर परत आला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, त्या ओट्यावरच्या सकाळनंतर पहिल्यांदा. "सूर धरून रा," ते ओरडले. आणि त्यांनी वाजवलं. डोळे उघडे ठेवून, माझ्या बोटांकडे बघत. मी कुठला सूर धरलाय ते बघून त्याच्या आजूबाजूने फिरत. ती मोकळी नेहमीसारखी लांब नव्हती आणि तितकी वर गेली नाही. पण थरथर कुठेही नव्हती. शेवटी नवरदेवसुद्धा उठून नाचला.

मुंबईची कॅसेट निघाली. त्यात सगळी गाणी होती, मोकळी नव्हती. एका बाजूत बसत नाही असं त्या माणसाने कळवलं. मास्तरांनी ती कॅसेट हातात घेऊन वरच्या कागदावरचा मांडवाचा फोटो बराच वेळ पाहिला. "छपाई चांगली हाय," म्हणाले.

वाशीच्या कानाच्या डॉक्टरकडे मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरने गेलेलं ऐकणं परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि राहिलेलं टिकवायचं तर प्रेस सोडा. कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये घ्यायला खूप दिवस लावले. भाच्याला आणि मला त्यासाठी साहेबांच्या केबिनबाहेर बरंच उभं राहावं लागलं. नंतरचे काही मोसम मास्तर बेंजो वाजवत राहिले, चावी वहिनींकडे आणि तारा लावायचं काम माझ्याकडे. ते माझ्याशी पूर्वीसारखं मोकळं बोलायला बराच काळ गेला. पुढे त्यांनी बेंजो एका करावेकराच्या हाती दिला आणि आपण थोरला ढोल गळ्यात घातला. तो पोटात वाजतो, कान लागत नाही, असं ते म्हणायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आधी सगळे पुन्हा चाचांच्या माडीवर जमलो. मास्तरही आले होते, पहिल्यांदाच. चाचांनी कॅसेटी मांडल्या आणि मास्तरांना जवळ जाऊन मोठ्याने विचारलं की आजवरची सगळ्यांत चांगली मोकळी कुठली? मला वाटलं ते जुनी कुठलीतरी सांगतील. त्यांनी दिवाळे गावातल्या एका लग्नाचं नाव घेतलं, जिथे लाइट गेले होते आणि भोंगा, माइक, ऑर्गन सगळं बंद पडलं होतं, चाचांचं मशीन तेवढं बॅटरीवर चालू होतं. लोक जवळ सरकून आले होते आणि मास्तरांनी नुसत्या तारांवर, शेजारच्याला ऐकू येईल एवढंच, वाजवलं होतं.

"त्यात काय एवढं?" भाचा म्हणाला. "टेपवर तर आयकू पन येत नाय नीट."

"टेपवर नाय," मास्तर म्हणाले. "पन तवा मना आयकू येत व्हता."

ती कॅसेट माझ्याकडे आहे. पुण्याला आल्यावर मी ती बऱ्याचदा ऐकली. लोकांच्या खोकण्यात आणि मुलांच्या रडण्यात बेंजो कुठेतरी लांब वाजतो. मला ती अजूनही फारशी आवडत नाही. माझा ऑर्गन तिच्यात नाही, हेही कारण असेल.